सामाईक टिपणवही

कागद सापडणे दुर्घट खरे. परंतु एकदा वाचून रुमालात परत बांधलेला कागद वर्षा-दोन वर्षांनी नेमका हवा असताना पुन्हा हाती लागणे त्याहून दुर्घट, हा मोडी दफ्तरांत हयात घालविलेल्या प्रत्येकाचा अनुभव आहे. मी ज्या संशोधन विभागात रुजू झालो, तेथे ज्याची टिपणे त्याच्या खणात कुलुपबंद असत. त्यामागे दुष्टबुद्धी नव्हती. आपले वाचन अद्याप पक्के झालेले नाही, ते चारचौघांपुढे कसे ठेवावे, हा संकोच होता. पुढे, पेशवाईतील वसुलाच्या हिशेबांविषयी ज्यांचा शब्द आम्ही प्रमाण मानीत असू, ते वयोवृद्ध सहकारी सेवानिवृत्त झाले, आणि त्यांच्या गठ्ठ्यांतील सांकेतिक खुणांचा उलगडा कोणासही होईना, तेव्हा विभागाच्या मधल्या मेजावर एक सामाईक टिपणवही ठेवावी असे ठरले.

ज्या दिवशी वाचन त्याच दिवशी नोंद, रुमालाचा व पत्राचा क्रमांक, मजकुराचा गोषवारा, आणि, हे कलम मला सर्वांत मोलाचे वाटते, न लागलेला शब्द व न जुळलेली तारीख यांचीही नोंद, एवढेच नियम होते.

तारखेचे प्रकरण मोठे नाजूक. पुष्कळ पत्रांत केवळ चंद्र, म्हणजे चांद्रमासाची तारीख, व महिना असतो. साल असलेच तर ते अरबी संख्याशब्दांत असते. पानिपतचे साल ‘इहिदे सितैन मया व अलफ’, म्हणजे शुहूर सन ११६१. त्यात मृगापासून डिसेंबरअखेर ५९९ व जानेवारीपासून पुढील मृगापर्यंत ६०० मिळवावे, तेव्हा इसवी सन निघतो. सीत म्हणजे सहा आणि सितैन म्हणजे साठ. मोडीच्या धावत्या वळणात एवढ्या फरकाने अर्धशतकाची उलथापालथ होते.

एका कमाविसदाराच्या नेमणुकीचे असेच साल नसलेले पत्र मी वहीत उतरवून त्यापुढे प्रश्नचिन्ह घातले होते. काही महिन्यांनी लष्करी खर्चाचे कागद पाहणाऱ्या आमच्या सहकारी बाईंना, ज्यांचा माझ्या विषयाशी तिळमात्र संबंध नव्हता, त्याच कमाविसदाराच्या नावे तसलमात, म्हणजे आगाऊ रक्कम, पडल्याचा हिशेब आढळला. त्यावर साल स्वच्छ लिहिलेले होते, आणि त्यांनी ते माझ्या नोंदीच्या समासात टिपून ठेवले. एका पत्राचे साल ठरताच, पैवस्तीच्या, म्हणजे पत्र पोचल्याच्या, नोंदींच्या आधाराने, त्याच रुमालातील मागची-पुढची पत्रे ओळीस लागली. माझ्या खणातील टिपणाला हा लाभ कधीही झाला नसता.

ही बुद्धी आमची स्वतंत्र नव्हे. १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड काढताना इतिहाससंशोधक राजवाड्यांनी केवळ आपले निष्कर्ष न मांडता मूळ पत्रेच छापली, म्हणून पुढच्या पिढ्यांना त्यांच्याशी साधार वाद घालता आला. आणि १९१० साली पुण्यात स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळाने, नवा सापडलेला कागद सभेत वाचावा व छापून प्रसिद्ध करावा, हा प्रघात पाडला. खासगी घरांच्या माळ्यांवर कसरीच्या तोंडी जाणारे किती दस्तऐवज या प्रघातामुळे वाचले असतील!

आता वह्यांची विषयवार सूची झाली आहे. नव्याने रुजू झालेली मुले ती संगणकावर उतरवीत आहेत, आणि न लागलेल्या शब्दांची यादी सर्वांआधी घ्यावी, असा माझा त्यांच्यापाशी आग्रह आहे.