एक-पाच-तीन-सहा-दोन-चार

नळदुर्गहून जळकोट, येणेगूर करत उमरग्याकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या ट्रक गॅरेजात नव्या पोऱ्याला सगळ्यात आधी हे आकडे पाठ करावे लागतात: एक-पाच-तीन-सहा-दोन-चार. टाटाच्या ६९७ इंजिनात सिलिंडर ज्या क्रमाने पेटतात, तो हा क्रम. इंजिनाच्या नावातच त्याची मापे आहेत. सहा सिलिंडर, ९७ मिलिमीटर बोअर. स्ट्रोक १२८ चा, म्हणजे हिशेब होतो ५,६७५ सीसी. मापे जर्मन, १९५४ साली टाटा आणि डाइम्लर-बेंझ यांचा करार झाला त्या घराण्यातली. ट्रक असो की एसटी, धाराशिव जिल्ह्याने एका रांगेतल्या सहा सिलिंडरांचा आवाज डिझेलमध्येच ऐकला.

पेट्रोलवरचे ‘सहा’ मात्र दुर्मीळ. एखाद्या जुन्या वाड्याच्या आवारात, कडब्याच्या गंजीमागे, गोल पाठीची अमेरिकन गाडी सापडते. बॉनेटवर ‘डॉज’ लिहिलेले असते आणि मालक सांगतो, “आजोबांनी अमेरिकेहून मागवली होती.” बहुतेकदा ती आलेली असते कुर्ल्याहून.

वालचंद हिराचंद सोलापूरचे, जन्म १८८२. तुळजापूरपासून त्यांचे गाव ४५ किलोमीटरवर. त्यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि १९४७ मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून क्रायस्लरच्या परवान्याने जोडलेल्या गाड्या बाहेर पडू लागल्या: डॉज, प्लिमथ, डिसोटो. नावे तीन, पण डॉज किंग्जवे मुळात प्लिमथच, जाळी आणि बिल्ला बदललेली. त्या वेळी धाराशिव निजामाच्या राज्यात होते. सोलापूरकडून येणाऱ्या मालाला करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका ओलांडावा लागे. सप्टेंबर १९४८ मध्ये भारतीय फौज याच रस्त्याने नळदुर्गात शिरली, बोरी नदीवरचा पूल ताब्यात आला आणि तो नाकाही इतिहासजमा झाला.

आता इंजिन. प्लिमथच्या १९४६ ते ४८ च्या गाड्यांतले हे ‘साइड व्हॉल्व्ह’ सव्वातीन इंच बोअरचे आणि चार पूर्णांक तीन अष्टमांश इंच स्ट्रोकचे. घनफळ २१७.८ घनइंच, म्हणजे ३,५६९ सीसी. कॉम्प्रेशन ६.६ ला १. ताकद ३,६०० फेऱ्यांना ९५ अश्वशक्ती. क्रँकला मेन बेअरिंग चारच. टाटाच्या ६९७ ला सात असतात. सगळ्यात जास्त ओढ मिळते ती १,२०० फेऱ्यांच्या आसपास.

कागदावर हे आकडे दरिद्री दिसतात. त्याच कुर्ल्यातून पुढे निघालेली पद्मिनी १,०८९ सीसीत चाळिसेक अश्वशक्ती देत होती. लिटरचा हिशेब मांडला तर डॉज तिच्या जवळपासही जात नाही. पण गाडी कुठे चालायची, हे पाहून आकडे वाचायला हवेत. पेट्रोल हलक्या ऑक्टेनचे. रस्ते मुरमाचे. मिस्त्री एकच, तोही तालुक्याच्या गावी. साडेतीन लिटरच्या इंजिनाकडून ९५ च घोडे मागितले, तर ते कधी कण्हत नाही. झिजते, पण मोडत नाही. वरच्या गिअरात टाकून बैलगाडीमागे सरपटत न्यावी आणि तिथूनच ॲक्सिलरेटर दाबावा, तरी ती कुरकुरत नाही. या इंजिनाचे मोठेपण त्या ढिलाईतच आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. विंटेज गाड्यांच्या शौकिनांना ते रुचत नाही. त्यांना बॉनेटखाली जास्तीत जास्त घोडे हवे असतात.

त्या काळी या बाजारात डॉजला स्पर्धा होती शेव्हरोलेची. जनरल मोटर्सने १९२८ पासून शिवडीला गाड्या जोडल्या. तिचे २१६ घनइंची इंजिनही सहाच सिलिंडरांचे. व्हॉल्व्ह वर हेडमध्ये असल्याने कागदावर अधिक आधुनिक. पण कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग बॅबिटचे, ओतीव. ते गेले की धातू वितळवून पुन्हा ओता, घासा, बसवा. डॉजला सुटे शेल: जुना काढला, नवा बसवला. जिल्ह्याच्या गावातल्या मिस्त्रीला यांतले कोणते इंजिन परवडणार, हे वेगळे सांगायला नको.

डॉजचे हेड उतरवले की ट्रकचा मिस्त्री क्षणभर थबकतो. हेडमध्ये काहीच नसते. रॉकर नाही, व्हॉल्व्ह नाही. पाण्याच्या पोकळ्या आणि प्लगची भोके असलेली नुसती बिडाची पाटी. व्हॉल्व्ह सगळे खाली, ब्लॉकमध्येच, पिस्टनच्या शेजारी. मग टॅपेट कुठे मारायचे? पुढचे चाक काढून, मडगार्डच्या आतले झाकण उघडून, तापलेल्या मॅनिफोल्डखाली हात घालून. इंजिन गरम हवे. इनलेटला आठ थाऊ (इंचाचे हजारांश), एक्झॉस्टला दहा. दोन चपटे पाने, मध्ये फिलरची पात आणि मनगटाला चटका. पण पद्धत ट्रकचीच. सहा नंबरचे व्हॉल्व्ह रॉकिंगला आले, म्हणजे एक मिटता मिटता दुसरा उघडू लागला, की एकचे टॅपेट मारायचे, पाचचे आले की दोनचे, चारचे आले की तीनचे. जोड्यांची बेरीज नेहमी सात. पेटण्याचा क्रमही तोच, एक-पाच-तीन-सहा-दोन-चार, कारण क्रँकची वळणे दोन्हीकडे १२० अंशांवर आहेत आणि पिस्टन जोडीजोडीने वर-खाली होतात. एका जोडीचा धक्का बाकीच्या दोन जोड्या खाऊन टाकतात. म्हणून चांगले बांधलेले सहा सिलिंडर रिकाम्या चालीत थरथरत नाही. आयुष्यभर ६९७ बांधलेल्या माणसाला डॉज परकी वाटत नाही.

अडचणी वेगळ्याच ठिकाणी येतात. बॅटरी सहा व्होल्टची आणि बॉडीला जोडलेली तार प्लसची, उलटी. डाव्या बाजूच्या चाकांचे बोल्ट उलट्या आट्याचे. पोऱ्या सवयीने पान्यावर उभा राहतो आणि बोल्ट तुटतो. मापे सगळी इंचात, त्यामुळे टाटाचा पाना ‘बसल्यासारखा’ वाटतो आणि डोके गोल करून ठेवतो.

सगळ्यात जास्त छळते ती पाण्याची नळी. वॉटर पंपामागे, ब्लॉकच्या पोटात, पुढून मागपर्यंत पत्र्याची चपटी नळी असते. तिला ठरावीक जागी छिद्रे. तिथून गार पाणी एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीटांवर पडावे, ही योजना. आपल्याकडे रेडिएटरात बोअरचे पाणी ओतले गेले, क्षारांनी भरलेले. दुष्काळी जिल्ह्यात दुसरे कुठले आणणार? नळी गंजते, छिद्रे बुजतात आणि मागचे पाच-सहा नंबर भाजू लागतात. मालक रेडिएटर बदलतो, पंखा बदलतो, थर्मोस्टॅट काढून फेकतो. तुळजापूरचा घाट चढताना गाडी तरीही उकळते. जाणता मिस्त्री पंप खोलतो, तारेचा आकडा करून ती नळी ओढतो. ती अखंड निघाली तर नशीब, बहुधा गंजाच्या खपल्याच हाती येतात. बाहेरून न दिसणारा हा एक पत्रा बदलल्याशिवाय बाकीचा खर्च पाण्यात.

१९७३ च्या तेलटंचाईनंतर पेट्रोलच्या दराने अशा गाड्यांचे कंबरडे मोडले. बऱ्याच जणांनी इंजिन काढून डिझेल बसवले. डॉजच्या ट्रकांत तर पर्किन्सचे पी-६ होते: पुन्हा सहा सिलिंडर, साडेतीन इंच बोअर, पाच इंच स्ट्रोक, ४.७ लिटर. उतरवलेली पेट्रोल इंजिने मात्र भंगारात गेली, म्हणून आज मूळ इंजिनासह उभी असलेली गाडी विरळा.

ज्यांच्या आवारात अशी गाडी आहे त्यांना विनंती, भंगारवाल्याला बोलावण्याआधी एवढे करा. ब्लॉकच्या पुढच्या डाव्या बाजूला, डायनॅमोच्या वर, कोरलेला नंबर वाचा. ‘पी १५’ने सुरू होत असेल तर इंजिन १९४६ ते ४८ च्या प्लिमथ मालिकेतले. हेड टेपने मोजा. साडेतेवीस इंचांच्या आसपास भरले तर एक जात, पंचविसाच्या पुढे गेले तर दुसरी; गॅस्केट एकाचे दुसऱ्याला लागत नाही. प्लग काढून प्रत्येक भोकात थोडे ऑइल सोडा, काही दिवस मुरू द्या, मग हँडलने हळूच फिरवून पाहा. स्टार्टर लावू नका. फिरले तर सोलापूरला बोअरिंगला नेण्याइतका जीव त्यात नक्की आहे. २०२१ च्या केंद्राच्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांवरच्या गाडीला ‘व्हीए’ मालिकेत विंटेज नोंदणी मिळते, शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षे; अट एवढीच की चेसिस, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा.