चुंबळ

रोहण्याच्या आमच्या घरात आजीची चुंबळ दाराआडच्या खुंटीला असायची. जुन्या लुगड्याच्या चिंध्या पिळून केलेली, घागरीच्या ओलीनं मधोमध काळी पडलेली.

वर्षावासात विहारात बाबासाहेबांच्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’चं वाचन चाले. तिथून आलो की आबाजी लावा पक्ष्यांची गोष्ट सांगत. पारधी जाळं टाकतो. प्रत्येक लावा जाळ्याच्या एकेका आसात डोकं घालतो, सगळे मिळून जाळं उचलतात, काटेरी झुडपावर टाकतात आणि खालून निसटतात. पारध्याचा दिवस काट्यांतून जाळं सोडवण्यात जातो. मग एकदा चरायला उतरताना एकाचा पाय दुसऱ्याच्या डोक्यावर पडतो. ‘तूच उचल मग’, ‘नाही, तूच उचल’ करता करता सगळे सापडतात.

ही जातककथा, बुद्धांच्या मागच्या जन्माची. जातकाच्या शेवटी बुद्ध सांगतात, त्या जन्मी कोण कोण होतं ते. त्याला समोधान म्हणतात. आबाजी ते सांगत नसत. १९५६ च्या ऑक्टोबरात नागपूरला दीक्षा घेऊन आलेला माणूस तो. मागच्या जन्मीचं पाप दाखवूनच आपल्याला गावाबाहेर ठेवलं, हे त्यांच्या हाडात होतं. ते एवढंच विचारत, “आता सांग, आज तू कोनता लावा व्हता?” बहिणीशी भांडून आलेलो मी मान खाली घालायचो. मला आजही तेच खरं समोधान वाटतं.

पुढे नागपुरात पाली शिकताना ही गोष्ट मूळ रूपात भेटली. ५४७ जातकांतलं तेहतिसावं, सम्मोदमान जातक. बुद्धांनी ती का सांगितली? तर कपिलवस्तूत त्यांच्या आप्तांमध्ये भांडण लागलं होतं, ‘चुम्बटका’वरून. चुम्बटक म्हणजे चुंबळ! पुस्तक मिटून मी बराच वेळ बसलो. आजीची खुंटी दिसत राहिली.

आमच्या घरातलं भांडण धुऱ्यावरचं. नांगराच्या एका तासाएवढ्या जमिनीसाठी बाबा आणि काका बोलायचे थांबले ते शेवटपर्यंत. दोघंही गेले. अबोला आम्हा चुलतभावांकडे आला, सातबाऱ्यासारखा.

यंदा आषाढी पौर्णिमेला लेकीला शेतात नेलं आणि ही गोष्ट सांगितली. शेवटचा प्रश्न ओठावर आला होता. तिनं आधीच विचारलं, “बाबा, काकाच्या घरी आपन काऊन जात नाई?”

धुऱ्यापलीकडे पऱ्हाटीत चुलतभाऊ डवरा हाकत होता. आमच्याकडच्या टोकाला येऊन त्यानं बैल वळवले.