काळीचे बैल

वऱ्हाडात मातीला तोटा नाही, तरी मातीकामाच्या वर्गासाठी माती विकत आणायची पद्धत पडली आहे. गणपती जवळ आले की अकोल्यात काय नि अमरावतीत काय, शाडूची पोती उतरतात ती गुजरातेतली, भावनगरकडची. शाडू गुणी खरी. एकसारखी, मऊ, हाताखाली मुकाट वळणारी. गणपतीला मीही तीच घेते. पोळ्याचे बैल आणि भुलाबाई मात्र शेतातल्या काळीतच करायला लावते, आणि त्यावरून वर्गात दरवर्षी कुरबूर होते.

कुरबूर भेगांची. आपल्या काळीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज भरपूर. त्याच्या पापुद्र्यांत पाणी शिरलं की माती फुगते, उडालं की आकसते. उन्हाळ्यात पूर्णेकाठच्या शेतांत हात जाईल एवढ्या फटी पडतात, तेच बैलाच्या पाठीवर व्हायला एक रात्र पुरते. सकाळी पोरं विचारतात, "मॅडम, याले भेगा काहून पडून राह्यल्या?" मोठी माणसं विचारत नाहीत. ती गुपचूप पाण्याचं बोट फिरवून भेग बुजवतात. दुपारपर्यंत ती त्याच जागी पुन्हा उघडते.

बैलाची गंमत अशी, की पोट जाड नि पाय बारीक. पाय आधी वाळतात, पोट आतून ओलंच राहतं आणि सांधा तुटतो. मग कोणीतरी हुशारी करून पायात खराट्याची काडी खुपसतं. आधार मिळेल असं वाटतं, होतं उलटंच. माती आकसते, काडी आकसत नाही, आणि पाय काडीच्या कडेने उभा चिरतो. यावर उपाय मला शिकवला तो वर्गाला नातीसोबत आलेल्या एका आजींनी. "अवो, काडी कायले? थोडासा कापूस घाला ना त्याच्यात." कापूस पिंजून, अगदी विरळ, चिखलात मळायचा. तंतू मातीबरोबर आत ओढला जातो, आणि भेग सुरू झालीच तर तिला पुढे सरकू देत नाही. मूर्तिकार शाडूतही कापूस घालतात. त्याशिवाय चाळलेली राख, थोडी बारीक वाळू, पोट आतून अंगठ्याने पोकळ करणं, आणि ओल्या फडक्याखाली सावलीत वाळवणं. पंख्याखाली नाही. हे मी इतक्या वेळा सांगते की पोरं माझ्याआधीच म्हणून टाकतात.

तरी काळी टिकाऊ होत नाही, आणि मला वाटतं इथल्या जुन्या माणसांना ते पक्कं ठाऊक होतं. म्हणून भिंतींना गावठाणातली पांढरी माती, आणि काळीचं जे करायचं ते सणापुरतं. भाद्रपद पौर्णिमेला भुलाबाई बसते, महिनाभर पोरी गाणी म्हणतात, खिरापत ओळखतात. कोजागिरीला ज्वारीच्या धांड्यांचा मांडव घालतात, आणि मग शिरवायची. जिला एक महिना जगायचं आहे तिला भाजून, रंगवून, वॉर्निश मारून कशाला पक्कं करायचं? (धांडे मिळवणं हल्ली मातीपेक्षा अवघड. सोयाबीन आलं आणि ज्वारी मागे हटली, त्यामुळे मांडवापुरते पाच धांडे मिळवायलाही ओळख लागते.)

आई-वडिलांना हे पटवणं जड जातं. घरी न्यायला काय, हा पहिला प्रश्न. दुसरा इंटरमिजिएटचा, कारण चित्रकलेच्या त्या ग्रेड परीक्षेत 'अ' श्रेणी मिळाली की दहावीला ७ गुण वाढतात. मातीच्या बैलाला एकही नाही. ज्यांना गुण हवेत त्यांनी खुशाल स्थिरचित्र गिरवावं, त्यात वाईट काही नाही. पण कडेला चिखल मळत बसलेल्या स्वतःच्या पोराला घाई करू नये. त्यातले काही बाप नंतर स्वतःच बाह्या सरसावून बसतात, आणि शिंगं कशी वळवायची यावर पोराशी वाद घालतात. बैल पोरांनी टीव्हीवर पाहिलेला, बापाने गोठ्यात. वशिंड कुठे येतं ते बापालाच माहीत.

यंदा काळीत थोडी पांढरी मिसळून पाहायची आहे. दर्यापूरकडच्या एका गावात जुना वाडा पडलाय, आणि मालक म्हणतो दोन घमेली कशाला, ट्रॅक्टरभर न्या.