खिशातली उत्तर दिशा

पावसाळी ट्रेकची सॅक भरतेय. चाकू, माचिस, शिट्टी आत गेली. होकायंत्राशी मात्र हात थबकला. शिट्टीच्या टोकाला बसवलेलं बटणाएवढं होकायंत्र वजनाला नगण्य, पण त्याची सुई ईशान्येलाच अडकून बसते. ते बाजूला ठेवलं.

निवडलं ते द्रव भरलेलं, पारदर्शक पट्टीवर बसवलेलं. हातात फिरवलं की सुई क्षणभर डुलते आणि पुन्हा नेमकी उत्तरेला स्थिरावते. आत बुडबुडा नाही, अंशांच्या रेघा टॉर्चच्या उजेडात स्वच्छ वाचता येतात. आपल्याकडे चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत एका अंशाहूनही कमी फरक असतो, त्यामुळे नकाशाशी मेळ घालणं सोपं. मात्र सह्याद्रीच्या बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइट असतं. म्हणून होकायंत्र कातळाला टेकवून दिशा बघू नये, मोबाइलही लांब ठेवावा.

हरिश्चंद्रगडाच्या माथ्यावर धुकं दाटलं की पश्चिमेचा कोकणकडा नेमका कुठल्या अंगाला आहे, तेच कळत नाही. तिथे अंदाज जिवावर बेततो. या एवढ्याशा वस्तूत काटकसर करू नये, असं मला मनापासून वाटतं. आणि वाट स्पष्ट दिसत असतानाच परतीची दिशा वहीत टिपून ठेवावी.