पदरचा एक गुण

क्रिकेटवर पोसलेल्या माणसाला बेसबॉलची सरासरी प्रथम चमत्कारिकच वाटते. तीत धावा नाहीतच. संधी किती नि त्यांपैकी कितींदा स्वतःच्या फटक्याने बेस गाठला, एवढाच भागाकार. वाईट चेंडूंपायी फुकट मिळालेला बेस संधीतही धरीत नाहीत. दहांत तीनदा साधले तरी गडी नामांकित! आमच्या शाळेत तीसवाला नापास.

१९४१ च्या हंगामाच्या अखेरच्या दिवशी टेड विल्यम्सचे ४४८ संधींत १७९ फटके होते; सरासरी ०.३९९५५. कागदावर ती ०.४०० च धरली गेली असती. बाकावर बसून राहिला असता तरी चालले असते. पण गडी त्या दिवशीचे दोन्ही सामने खेळला. आठांत सहा फटके, सरासरी ०.४०६.

चौतिसाचे पस्तीस करा म्हणणाऱ्या पालकांना मी ही हकिकत सांगतो. ते शांतपणे ऐकून घेतात, आणि पुन्हा तोच एक गुण मागतात.