सात हजारांची कॉफी

एक कप कॉफी, किंमत सात हजार रुपये! नाही, कोरेगाव पार्कातल्या कुठल्या कॅफेत नाही. वेल्हे तालुक्यातल्या एका ओसरीवर, स्टीलच्या पेल्यात. सोबत बिस्किट फ्री. हिशोब शेवटी सांगते, आधी मामाबद्दल.

माझा मामा एडिसन, न्यू जर्सी इथे राहतो. पंचवीस वर्षं झाली, सॉफ्टवेअरमध्ये आहे आणि अमेरिकन पासपोर्टवाला आहे. तिकडच्या तमाम मराठी मंडळींप्रमाणे त्यालाही गणपतीत आणि पहिल्या पावसात इकडची आठवण येते. एरवी फोन महिन्यातून एकदा. २०१८च्या नोव्हेंबरमध्ये आजोबा गेले. मामा पोहोचला तिसऱ्या दिवशी. दहावं झाल्यावर तो एकटाच शेताकडे गेला आणि संध्याकाळी परत येऊन म्हणाला, ''ताई, वरकस पडीक आहे ना? तिथे कॉफी लावू या.''

आईला वाटलं, जेट लॅग असेल.

आमची जमीन मढेघाटाच्या वाटेवर, केळदच्या अलीकडे. चेलाडी फाट्याला हायवे सोडायचा, मार्गासनी, मग वेल्हे, मग तोरणा पाठीमागे टाकून पुढे. (२०२४मध्ये सरकारने तालुक्याचं नाव 'राजगड' केलं. आमच्या तोंडी अजून वेल्हेच.) खाली भाताची खाचरं, ती आजोबांच्या वेळेपासून शेजारचे आबा वाट्याने करतात. वर डोंगरउतारावर वरकस. पूर्वी तिथे नाचणी, वरई व्हायची. आता नुसतं गवत आणि करवंदं.

मामाने अभ्यास मात्र सॉलिड केला होता. बाबा बुदान नावाच्या सुफी संतांनी सतराव्या शतकात येमेनहून सात बिया लपवून चिकमगळूरच्या डोंगरात आणल्याची कथा त्याने आबांना दोनदा ऐकवली. आपल्या विदर्भात चिखलदऱ्यालाही कॉफी होते, हे तर तो ब्रह्मास्त्रासारखं वापरायचा. ''चिखलदऱ्याला जमतं, मग सह्याद्रीत का नाही?'' आबा म्हणाले, ''व्हईल की. आंबेमोहर बी व्हतोच.'' याचा अर्थ होकार की नकार, हे मामाला पाच वर्षांत कळलेलं नाही.

पहिला अंक : अरेबिका

जुलै २०१९. कर्नाटकातून शंभर रोपं आली. चंद्रगिरी नावाची जात, बाळेहोन्नूरच्या केंद्रीय कॉफी संशोधन संस्थेने काढलेली. अरेबिकाला साधारण हजार मीटरच्या वरची उंची मानवते. आमची वरकस त्याच्या खाली. हे ऐकल्यावर आबांनी शांतपणे तोरण्याकडे बोट दाखवलं. तोरणा १,४०३ मीटर! ''मंग तिथंच लावा की.''

उंची सोडा, खरं टेन्शन पाण्याचं निघालं. कॉफीला पाऊस हवा, पण तो वर्षभरात वाटून. चिकमगळूर-कुर्गला मार्च-एप्रिलमध्ये सरी येतात, त्यावर कॉफी फुलते. आपल्याकडे काय? जून ते सप्टेंबर धो धो, मग आठ महिने ठणठणाट. पहिल्या पावसात चाळीस रोपं मुळं कुजून गेली. उरलेल्यांनी जानेवारीपासून माना टाकायला सुरुवात केली. कॉफीला सावलीही लागते. म्हणून मामाने सिल्व्हर ओक लावले होते. पण तेही गुडघ्याएवढेच. ते सावली कोणाला देणार?

२०२०च्या मार्चमध्ये मामा येणार होता. लॉकडाउन लागलं. ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर आलं आणि घाट चढून आमच्याकडेही आलं. आबांच्या घराचे पत्रे उडाले, बांधावरचं जांभळाचं झाड आडवं झालं. आबांनी फोनवर आधी कॉफीची खबर दिली, पत्र्यांचं नंतर सांगितलं. रोपं किती उरली? बारा.

दुसरा अंक : रोबस्टा

मामा हार मानणाऱ्यातला नाही. २०२१च्या डिसेंबरमध्ये तो आला तेव्हा नवा फंडा घेऊन. एक तर उंच जागा शोधायची, नाहीतर कमी उंचीवर तगणारी रोबस्टा लावायची. उंच जागेसाठी आम्ही भोरहून रायरेश्वरला गेलो. शिवरायांनी स्वराज्याची शपथ घेतली असं परंपरा सांगते, तेच हे पठार. चार हजार फुटांहून उंच, शेवटी लोखंडी शिडी चढून जायचं. वर माणसं राहतात, शेती करतात, गहूही पिकवतात. मामा मातीचे रंग बघून हरखला. तिथल्या एका आजोबांना त्याने विचारलंच, ''इथे कॉफी जगेल का हो?''

''जगंल की,'' ते म्हणाले. ''पण जगवायला हितं राहनार कोन? तुमी?''

उतरताना मामा शिडीवर एक शब्द बोलला नाही. भोरच्या बाजारातून त्याने ठिबकची नळी आणि काटेरी तार घेतली आणि पुढच्या पावसात आमच्याच वरकशीवर साठ रोबस्टा लागल्या. २०२३च्या मार्चमध्ये वणवा आला आणि तारेचे खांब, नळी, रोबस्टा, सिल्व्हर ओक, सगळं एका दुपारी साफ झालं.

मध्यंतर : सही

आता माझा भाग. तो फारसा शोभेचा नाही.

त्या वर्षी दिवाळीत एक एजंट घरी आला. फार्महाउसचे प्लॉट पाडायचे होते, आमची जमीन रस्त्याला लागून. त्याने सांगितलेला आकडा ऐकून मी मनातल्या मनात वन बीएचकेचं डाउन पेमेंट करून टाकलं. फ्रीलान्सरला बँका कशा वागवतात, हे ज्याने कर्ज मागितलंय त्यालाच माहीत! वणव्यानंतर मामाही थकला होता. व्हिडिओ कॉलवर म्हणाला, ''ताई, तू म्हणशील तसं.'' सातबाऱ्यावर दोनच नावं, आई आणि मामा.

मी माहिती काढली, पत्रकार ना! अनिवासी भारतीयाला किंवा परदेशी पासपोर्ट घेतलेल्या भारतीय वंशाच्या माणसाला आपल्याकडे शेतजमीन, मळा किंवा फार्महाउस विकत घेता येत नाही. वारशाने आलेली जमीन मात्र ठेवता येते. म्हणजे मामाने ही एकदा विकली, की खिशात कितीही डॉलर असले तरी त्याला वेल्ह्यात एक गुंठाही पुन्हा मिळणार नाही. मी हे आईला सांगितलं. पण कसं सांगितलं? ''त्याला कुठे यायचंय परत?'' असं पुढे जोडून.

आई भाजी निवडत होती. म्हणाली, ''त्याच्याकडून एवढा हाच धागा उरलाय गं. मीच कापू?''

सही झाली नाही. चार दिवस मी तिच्याशी नीट बोलले नाही.

तिसरा अंक

एप्रिल २०२४. आबांच्या नातवाचा व्हॉट्सअॅपवर फोटो आला. चकाकत्या हिरव्या पानांच्या बगलेत पांढऱ्या फुलांचे गुच्छ. ही कुठली? ती पहिल्या खेपेची बारा अरेबिका! वादळानंतर आबांनी ती गुपचूप उपटून आपल्या घरामागे, आंब्याच्या दाट सावलीत, मोरीच्या पाण्यावर लावली होती. एक गेलं, अकरा जगली. आधीच्या आठवड्यात वळीव झाला होता आणि त्यावर ती फुलली. आम्ही गाडी काढली. फुलं दोन-तीन दिवसच टिकतात म्हणे. वास थेट जाईसारखा.

''आबा, सांगितलं का नाही?'' मी विचारलं.

''जगली तर सांगायचं. मेलेलं किती वेळा सांगू त्याला?''

फळं लाल व्हायला जानेवारी उजाडला. मामा त्यासाठी रजा टाकून आला. अकरा झाडांची मिळून अडीच किलो फळं. हाताने साल काढली, बिया रात्रभर पाण्यात आंबवल्या, धुऊन चटईवर वाळवल्या. आबांच्या घरातल्या नानी रोज त्या खालीवर करायच्या, शेवयांसारख्या. मग उखळात हलक्या हाताने कांडून सुपाने टरफल पाखडलं. उरले चारशे ग्रॅम दाणे. लोखंडी कढईत भाजल्यावर भरले सव्वातीनशे. म्हणजे जेमतेम वीस कप. रोपं, तार, नळी, मजुरी धरून मामाचा खर्च एक लाख चाळीस हजार. भागा बघू!

ओसरीवर सगळे बसलो. मामाने पहिला घोट घेतला आणि डोळे मिटले. खरं सांगू? कॉफी कडू होती, थोडी करपलेली आणि कढईला आदल्या दिवशीच्या फोडणीचा वास होता. आबांनी दोन चमचे साखर घातली, दूध मागवलं, पुन्हा चव घेतली.

''नाचणी करपल्यावानी लागतीय,'' ते म्हणाले. ''पर वाईट न्हाई.''

नानींनी चहा टाकला.

जमिनीचं काय झालं, विचाराल तर अजून काहीच नाही. एजंटचा फोन येतो, आई 'बघू' म्हणते. माझं डाउन पेमेंट लांबलंय आणि त्याचा राग अधूनमधून अजून येतो. मामाने कॉफीचा विषय वाढवणं सोडलंय, अकरा झाडं बास म्हणतो.

पण मागच्या रविवारी मी आबांकडे बसले होते. सकाळी नऊला त्यांचा फोन वाजला. त्यांनी न बघताच उचलला. पलीकडून मामा विचारत होता, पाऊस किती झाला, भात लावून झालं का, नानींचा गुडघा कसा आहे. तिकडे रात्रीचे साडेअकरा वाजले होते.

''दर आयतवारी असतो,'' फोन ठेवल्यावर आबा म्हणाले.

आजोबांना महिन्याला एकच यायचा. हे मी मामाला बोलले नाही. त्याने ते कधीच मोजलं असणार.