हडसन नदीवरील आकाशवाट

न्यूयॉर्क शहराभोंवती ला ग्वार्डिया, केनेडी व न्यूअर्क असे तीन मोठे विमानतळ दाटीवाटीनें वसले आहेत. त्यांच्या विमानांसाठीं वरचें आकाश राखून ठेविलेलें असून नियंत्रकाच्या अनुज्ञेवांचून तेथें कोणीं शिरावयाचें नाहीं. या राखीव आकाशाचा आकार उलट्या ठेवलेल्या उतरंडीसारखा. वर ऐसपैस, खालीं निमुळता. मात्र हडसन नदीच्या पात्रावर १३०० फुटांच्या आंत एक अरुंद पट्टी मोकळी सोडलेली आहे. एका स्नेह्यांच्या चार आसनी सेस्ना विमानांतून आम्ही ही वाट उत्तरेकडून दक्षिणेस आक्रमिली.

अनुज्ञा नको म्हणजे बेबंदशाही, असें वाचकांनीं समजूं नये. वेग १४० नॉटच्या वर जातां कामा नये. दिवे लागलेले हवेत. दक्षिणेस जाणारानें पश्चिम तीर धरावा, उत्तरेस जाणारानें पूर्व. (आपल्या रस्त्यांवरील रिवाजाच्या हें नेमकें उलट!) ठराविक खुणा येतांच १२३.०५ या रेडिओ-लहरीवर आपलें विमान, ठिकाण, दिशा व उंची मोठ्यानें सांगावयाची. ती ऐकून वाट दाखविणारा अधिकारी कोणी नसतो. ऐकावयाचें तें आसपासच्या वैमानिकांनीं.

हे नियम सक्तीचे झाले ते मोठी किंमत मोजून. ८ ऑगस्ट २००९ रोजीं याच पात्रावर एक पायपर विमान व सहलीचें हेलिकॉप्टर यांची टक्कर होऊन नऊ माणसें दगावलीं. पायपरच्या वैमानिकानें नियंत्रकानें दिलेला लहरीचा आंकडा चुकीचा उच्चारला होता, आणि ती चूक कोणीं दुरुस्त केली नाहीं. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत नवे नियम लागू झाले.

आल्पाइनचा मनोरा ही पहिली खूण, एफ्. एम्. रेडिओचे जनक आर्मस्ट्राँग यांनीं तो उभारला. तेथून स्नेह्यांनीं गप्पा बंद करविल्या. दुसरें विमान दिसतांच बोट दाखवावें, एवढेंच आमचें काम. उजवीकडे पॅलिसेड्सचे उभे कडे, समोर जॉर्ज वॉशिंग्टन पूल. त्याचे ६०४ फुटी मनोरे आमच्या पायांखालून गेले. मॅनहॅटन डावीकडे उलगडूं लागलें, तरी आम्ही शोभा पाहण्याऐवजीं इमारतींच्या काचांवर हलणारा ठिपका शोधीत होतों. ‘इंट्रेपिड’ या जुन्या विमानवाहू नौकेपाशीं तो खरोखरच सांपडला. हेलिकॉप्टर, आमच्याहून बरेंच खालीं! आम्हीं बोट दाखविलें. स्नेह्यांनीं नुसती मान हालविली. त्यांना तें रेडिओवर आधींच ऐकूं आलें होतें.

आम्ही ११०० फुटांवर, आणि वर्ल्ड ट्रेड सेंटरचा नवा मनोरा १७७६ फुटांचा. विमानांत बसून इमारतीचें शिखर पाहण्यास मान वर करावी लागते, ही मौज निराळीच. स्वातंत्र्यदेवतेची मशाल त्यापुढें अगदीं ठेंगणी भासली.

सुमारें पाव तासानें व्हेराझानो पूल मागें पडला. पुढें मोकळा समुद्र होता. रेडिओवर एक स्त्री-स्वर त्याच पुलाचें नांव घेऊन आपण उत्तरेस निघाल्याचें सांगत होता.